दोन वाचनं आणि एक निविदा

महाराष्ट्रात 'बोर्ड' म्हटलं की आज आठवते ती दहावी-बारावीची परीक्षा. दोन-तीन पिढ्यांपूर्वी हा शब्द वेगळ्या अर्थाने घरोघरी होता. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे सोपवला आणि त्यासाठी स्कूल बोर्डं आली. १९४७ च्या नव्या कायद्यानेही ती कायम ठेवली. गावातली मराठी शाळा ही 'बोर्डाची शाळा' असायची आणि मास्तरांच्या बदल्यांचे कागद बोर्डाच्या कचेरीतून निघायचे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे गेलं आणि बोलण्यातला तो शब्द हळूहळू विरला. अमेरिकेत मात्र स्कूल बोर्ड हा आजही रोजच्या सार्वजनिक जीवनाचा भाग आहे. मुलांच्या हाती कोणतं पुस्तक द्यायचं, वर्गात फोन चालेल की नाही, संगणक कोणाकडून घ्यायचे, अशा गोष्टींवर तिथे गावकऱ्यांनी निवडून दिलेली साधी माणसं मत देतात. ही माणसं निर्णय कशी तपासतात, कुठे नीट तपासतात आणि कुठे त्यांच्या हातून तपासणी निसटते, हे पाहण्यासारखं आहे.

या व्यवस्थेची मुळं फार जुनी. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६४७ साली कायदा करून पन्नास कुटुंबांच्या प्रत्येक गावाला शिक्षक नेमायला लावलं. शिक्षक कोण, पगार किती, हे गावानेच ठरवायचं. पुढे १८२६ मध्ये त्याच राज्याने शाळांसाठी स्वतंत्र समिती निवडणं गावांना बंधनकारक केलं. तिथून ही पद्धत देशभर पसरली. १९३९-४० च्या सुमारास अमेरिकेत एक लाख सतरा हजारांवर शालेय डिस्ट्रिक्ट होती. लहान डिस्ट्रिक्टं एकमेकांत विलीन होत गेली आणि आता तेरा हजारांच्या आसपास उरली आहेत. आपल्या जिल्ह्याशी या डिस्ट्रिक्टचा संबंध नाही. हा केवळ शाळांपुरता प्रदेश असतो, कधी एका गावाएवढा, कधी लॉस एंजेलिससारख्या महानगराएवढा. त्याचं मंडळ बहुतेक ठिकाणी थेट मतदानाने निवडलं जातं. सदस्य पाच, सात किंवा नऊ असतात, बरेचसे विनावेतन काम करतात, आणि शिक्षणशास्त्राची पदवी ही त्यांच्या निवडणुकीची अट नसते. रोजचा कारभार मंडळाने नेमलेला अधीक्षक पाहतो. मंडळ धोरण ठरवतं, अधीक्षक त्याची अंमलबजावणी करतो आणि बारीक नियम काढतो. सीमारेषा कागदावर स्पष्ट आहे, प्रत्यक्षात तिच्यावरून सतत ओढाताण चालते.

मंडळापुढे तपासणीसाठी येणारे विषय ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात: धोरणं, अभ्यासक्रम आणि वर्गातलं तंत्रज्ञान. धोरणांची तपासणी सर्वांत जुनी आणि सर्वांत घट्ट घडी बसलेली आहे. गृहपाठ किती द्यावा, गैरहजेरीला काय शिक्षा, भेटवस्तू कोणाकडून घ्याव्यात, अशा ओळी बदलायच्या झाल्या तर बहुतेक मंडळांत मसुदा एका सभेत नुसता वाचला जातो. हे पहिलं वाचन. त्यावर चर्चा होते, मत होत नाही. मधल्या काळात मसुदा लोकांसमोर राहतो, शिक्षक आणि पालक हरकती-सूचना मांडतात, आणि पुढच्या एखाद्या सभेत दुसरं वाचन होऊन मग मतदान. कॅलिफोर्नियात १९५३ च्या ब्राउन कायद्यानुसार नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी जाहीर करावी लागते, पत्रिकेवर नसलेल्या विषयावर निर्णय घेता येत नाही, आणि सभेत बोलण्याचा हक्क कोणाही नागरिकाला असतो. मधल्या काही आठवड्यांत मंडळाचं काम थांबलेलं दिसतं खरं, पण याच काळात वर्गात उभी राहणारी शिक्षिका मसुदा वाचते आणि सभागृहातल्या सात जणांना न सुचलेली अडचण दाखवते.

अभ्यासक्रमाची तपासणी अधिक गुंतागुंतीची, कारण तिथे अधिकार वाटलेले आहेत. देशाच्या सरकारने शाळांचा अभ्यासक्रम ठरवू नये, हे अमेरिकी कायद्यांत स्पष्ट लिहिलेलं आहे. १९७९ साली केंद्रीय शिक्षण खातं स्थापन करणाऱ्या कायद्यातही ती मनाई आहे. मानकं राज्य ठरवतं. मुलाला काय यायला हवं ते मानक सांगतं, आणि ते कसं शिकवायचं हे अभ्यासक्रमात येतं. आपल्याकडच्या 'अध्ययन निष्पत्ती'शी मानकांचं नातं जवळचं आहे. २०१० साली राज्यांच्या गव्हर्नरांच्या आणि शिक्षणप्रमुखांच्या संघटनांनी तयार केलेली 'कॉमन कोअर' ही मानकं चाळीसहून अधिक राज्यांनी स्वीकारली. टेक्सास आणि व्हर्जिनियाने ती घेतली नाहीत. त्यातलं एक मानक मराठी वाचकाला ओळखीचं वाटेल: तिसरी संपेपर्यंत एकअंकी संख्यांचे सगळे गुणाकार मुलाला तोंडपाठ असावेत. म्हणजे पाढे. पण ते घोकून पाठ करायचे, खेळातून की चौकटींच्या आकृत्यांतून, यावर मानक गप्प आहे. ती पोकळी स्थानिक मंडळ भरतं. पुस्तकं आणि इतर साहित्य तेच निवडतं, आणि या निवडीत शिक्षकांचा भरीव सहभाग असलाच पाहिजे, असं कॅलिफोर्नियाचा कायदा म्हणतो. पुस्तक निवडून काम संपत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यार्थ्यांनी २००० साली राज्यावर भरलेला विल्यम्स खटला २००४ मध्ये मिटला, त्यानंतर प्रत्येक मुलाकडे वर्गात वापरायला आणि घरी न्यायला पुस्तक आहे की नाही, यावर तिथल्या प्रत्येक मंडळाला दर वर्षी जाहीर सुनावणी घ्यावी लागते.

आता तिसरा विषय, तंत्रज्ञान. इथेच या व्यवस्थेतली खरी फट आहे, असं मला वाटतं. धोरणाला दोन वाचनं मिळतात, पुस्तकाला शिक्षकांची समिती आणि सुनावणी मिळते, पण यंत्राला मिळते ती निविदा. कॅलिफोर्नियातली अनेक मंडळं आपली धोरणं ज्या क्रमाने लावतात तो पाहिला तरी हे लक्षात येतं. ३००० च्या मालिकेत व्यवहार आणि खरेदी, ५००० मध्ये विद्यार्थी, ६००० मध्ये अध्यापन, ७००० मध्ये इमारती. मुलाने संगणक कसा वापरावा हे ६००० मध्ये, फोनची शिस्त ५००० मध्ये, पण संगणक विकत घेणं ३००० मध्ये. खरेदीच्या दारातून आलेल्या वस्तूला विचारले जाणारे प्रश्न खरेदीचे असतात: सर्वांत कमी दर कोणाचा, हमी किती वर्षांची, माल कधी पोचणार. हे प्रश्न चुकीचे मुळीच नाहीत. वर्गातले फळे, बाकं आणि बस विकत घेताना तेवढे पुरतात. पण ज्या यंत्राच्या पोटात धडे आहेत, जे मुलाची माहिती साठवतं, ज्यावर शिक्षिकेचा दिवस बेतला जातो, ते एकाच वेळी पुस्तकही असतं, धोरणही असतं आणि वस्तूही असते. त्याला फक्त वस्तू म्हणून तपासलं तर उरलेली दोन्ही रूपं न तपासताच वर्गात शिरतात.

लॉस एंजेलिसचं उदाहरण याबाबत सर्वांत बोलकं आहे. हे देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं डिस्ट्रिक्ट, २०१३ साली साडेसहा लाखांच्या आसपास विद्यार्थी, सात जणांचं मंडळ. कॉमन कोअरवर आधारित नव्या परीक्षा संगणकावर होणार होत्या आणि त्यासाठी ठरलेला २०१५ चा वसंत ऋतू जवळ येत होता. श्रीमंत घरातल्या मुलांच्या हाती असलेलं साधन गरीब मुलांनाही मिळावं, ही अधीक्षक जॉन डीझी यांची भूमिका होती, आणि त्या हेतूच्या चांगुलपणाबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. १८ जून २०१३ रोजी मंडळाने ॲपल कंपनीकडून आयपॅड घेण्याच्या तीन कोटी डॉलरच्या कराराला मंजुरी दिली. पहिल्या टप्प्यात ४७ शाळा होत्या. एका आयपॅडची किंमत ६७८ डॉलर, त्यात पिअर्सन कंपनीचं शैक्षणिक साहित्य धरलेलं. सगळ्या विद्यार्थ्यांपर्यंत ही योजना न्यायची, जोडीला शाळाशाळांत वायफाय उभारायचं, तर एकूण खर्च शंभर कोटी डॉलरच्या पुढे जाणार होता. पुढे १३० कोटींचा आकडा सांगितला जाऊ लागला. पैसा आला शाळांच्या बांधकामासाठी मतदारांनी मंजूर केलेल्या रोख्यांतून. ते फेडायला कित्येक वर्षं लागतात. एखादी टॅब्लेट तीन-चार वर्षं चालते. म्हणजे आयपॅड भंगारात गेल्यावरही पुढची पिढी त्याचं व्याज भरत राहणार होती.

आयपॅड हाती आले आणि काही दिवसांतच काही हायस्कुलांतल्या तीनशेवर विद्यार्थ्यांनी आयपॅडमधली सुरक्षेची नोंद पुसून बंद ठेवलेली संकेतस्थळं उघडली. त्या वेळी बातम्यांत याचीच सर्वाधिक चर्चा झाली. मला ती बाब दुय्यम वाटते. कुलूप दिसलं की सोळा वर्षांची मुलं ते उघडून पाहणारच, हे कोणत्याही शिक्षकाने आधीच सांगितलं असतं. महत्त्वाचे प्रश्न त्यामागचे होते. यंत्र हरवलं तर भरपाई पालकांनी द्यायची का, यावर शाळाशाळांत वेगवेगळी उत्तरं मिळत होती. परीक्षेसाठी कळफलक लागणार होते आणि ते किमतीत धरलेले नव्हते. पिअर्सनचं साहित्य कराराच्या वेळी पूर्ण तयारच नव्हतं, नमुन्यादाखल काही भाग होते, आणि त्याचा परवाना तीन वर्षांचा होता. पुढे अमेरिकन इन्स्टिट्यूट्स फॉर रिसर्च या संस्थेने वर्गांची पाहणी केली तेव्हा २४५ वर्गांपैकी फक्त एका वर्गात ते साहित्य वापरलं जाताना दिसलं. हा आकडा कोणत्याही तांत्रिक बिघाडाहून अधिक काही सांगतो. शिकवण्याचं साहित्य म्हणून त्याची निवड शिक्षकांबरोबर बसून झाली असती, तर धड्यांचं पुस्तक अर्धवट छापलेलं आहे, हे पहिल्याच बैठकीत कोणीतरी म्हटलं असतं. पण ते साहित्य किमतीच्या एका ओळीत, आयपॅडच्या आत बसून आलं.

मंडळाने नंतर तपासणी केली, हेही सांगितलं पाहिजे. त्याच वर्षी निवडून आलेल्या आणि पूर्वी वर्गात शिकवणाऱ्या मोनिका रॅटलिफ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अनेक महिने कागद चाळले आणि निविदेची प्रक्रिया सदोष होती, असा निष्कर्ष काढला. ऑगस्ट २०१४ मध्ये जुनी ईमेल बाहेर आली. निविदा निघण्याच्या बरंच आधीपासून अधीक्षकांचा आणि त्यांच्या सहकाऱ्याचा दोन्ही कंपन्यांशी पत्रव्यवहार होता, असं त्यांतून दिसलं. करार त्याच महिन्यात थांबला, डीझी यांनी ऑक्टोबरमध्ये राजीनामा दिला, डिसेंबरमध्ये एफबीआयने कागदपत्रं ताब्यात घेतली. आपण काही गैर केलं नाही, असं डीझी यांचं म्हणणं होतं आणि तो तपास कोणावरही खटला न भरता संपला. पिअर्सनने तडजोडीत सुमारे ६४ लाख डॉलर दिले. म्हणून या प्रकरणाकडे गुन्ह्याची गोष्ट म्हणून पाहण्यात मला रस नाही. सगळे व्यवहार धुतल्या तांदळासारखे असते तरी २४५ पैकी एक हा आकडा तसाच राहिला असता.

यावर पहिला आक्षेप असा: सामान्य माणसांच्या हाती तपासणी देणं हीच मुळात चूक आहे. शिक्षणशास्त्र, विज्ञान, संगणक यातलं काही न समजणारे सात-नऊ जण निर्णय घेणार, मग गोंधळ होणारच. या आक्षेपाच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर या छोट्या डिस्ट्रिक्टचा. १८ ऑक्टोबर २००४ रोजी तिथल्या मंडळाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठराव केला की नववीच्या मुलांना डार्विनच्या सिद्धांतातल्या उणिवांची आणि 'इंटेलिजंट डिझाइन' या पर्यायी कल्पनेची जाणीव करून द्यावी. सजीवांची रचना कोणा बुद्धिमान कर्त्याने केली, असं ही कल्पना म्हणते. त्यासाठी तयार झालेलं निवेदन वर्गात वाचायला विज्ञानाच्या शिक्षकांनी नकार दिला. जानेवारीत अधिकाऱ्यांनी येऊन वाचलं. अकरा पालक न्यायालयात गेले. सहा आठवडे सुनावणी चालली आणि २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानी निकालात सांगितलं की ही कल्पना विज्ञान नाही आणि हा ठराव राज्यघटनेच्या विरोधात आहे. डिस्ट्रिक्टला पालकांच्या वकिलांच्या खर्चापोटी दहा लाख डॉलर द्यावे लागले.

पण डोव्हरचे कागद बारकाईने पाहिले की आक्षेपाचं टोक दुसरीकडे वळतं. त्या मंडळाची नेहमीची पद्धत अशी होती की विषय आधी नियोजनाच्या बैठकीत मांडायचा आणि मग निर्णयाच्या बैठकीत मताला घ्यायचा. हा ठराव मात्र ती पायरी गाळून आणला गेला. अभ्यासक्रमाच्या सल्लागार समितीला बाजूला ठेवलं गेलं. विज्ञानाचे शिक्षक विरोधात होते, आणि मंडळाच्या स्वतःच्या वकिलानेही धोक्याची सूचना दिलेली होती. म्हणजे डोव्हरची सामान्य माणसं जिथे घसरली तिथे त्यांनी आपलीच वाचनाची रीत मोडलेली होती. लॉस एंजेलिसमध्ये तज्ज्ञ भरपूर होते, अहवाल जाडजूड होते, तरी रीत अपुरी पडली. दोन्हींत समान काय, तर वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसाचं म्हणणं निर्णयाआधी पोचलं नाही. मंडळाच्या सदस्याला जीवशास्त्र किंवा संगणक येण्याची गरज नसते. ज्यांना येतं त्यांना त्याने उघड सभेत प्रश्न विचारावेत, आणि उत्तर इतिवृत्तात लिहिलं जावं. हे काम नगरपालिकेतला कोणताही जागरूक नगरसेवक करतो. आणि चूक झालीच तर तिचं उत्तर मागायला मतदार असतो: ८ नोव्हेंबर २००५ च्या निवडणुकीत, न्यायालयाचा निकाल लागण्याच्याही आधी, डोव्हरच्या मतदारांनी निवडणुकीला उभे असलेले मंडळाचे आठही सदस्य घरी पाठवले. तज्ज्ञांच्या समितीला असं कोणी घरी पाठवू शकत नाही.

दुसरा आक्षेप वेगाचा. पुस्तक सात-आठ वर्षं टिकतं, त्याला सावकाश वाचणं परवडतं. तंत्रज्ञान दोन वर्षांत जुनं होतं. दोन वाचनं, सुनावणी, शिक्षकांची समिती हे सगळं होईपर्यंत घ्यायचं यंत्र बाजारातून नाहीसं झालेलं असेल. यात तथ्य आहे, आणि लहान डिस्ट्रिक्टांना तर सवलतीची मुदत गाठण्याची घाई खरोखरच असते. पण लवकर जुनी होणारी वस्तू ही सावकाश विकत घेण्याचंच कारण आहे, थोडी थोडी आणि पारखून. लॉस एंजेलिसमध्ये घाईने जे साधलं असं वाटत होतं, ते पुढच्या वर्षी करार थांबवण्यात आणि वादात कित्येक पटींनी गेलं. शिवाय घाईची सवय एका धड्याने सुटत नाही. याच डिस्ट्रिक्टने मार्च २०२४ मध्ये पालक आणि विद्यार्थ्यांशी बोलणारा 'एड' नावाचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा चॅटबॉट मोठ्या समारंभाने आणला. करार साठ लाख डॉलरपर्यंतचा होता. जूनमध्ये तो बनवणाऱ्या ऑलहिअर या कंपनीने बहुतेक कर्मचाऱ्यांना कामावरून दूर केलं, तोवर तीस लाख डॉलर दिले गेले होते, आणि चॅटबॉट बंद झाला. तीन महिन्यांत. कंपनी बुडाली तर मुलांच्या माहितीचं काय होणार, हा प्रश्न खरेदीच्या कागदात सहसा शेवटच्या पानांवर असतो. धोरण म्हणून वाचन झालं असतं तर कोणा पालकाने तो सर्वांत आधी विचारला असता.

आणि इथे एक विसंगती नोंदवावीशी वाटते. २००० सालच्या मुलांच्या इंटरनेट-संरक्षण कायद्यानुसार, जोडणीसाठी केंद्राची सवलत घेणाऱ्या शाळांना इंटरनेट-सुरक्षेचं धोरण करावं लागतं, आणि ते मंजूर करण्याआधी लोकांना सूचना देऊन किमान एक जाहीर सुनावणी किंवा सभा घ्यावी लागते. म्हणजे मुलाला पडद्यावर काय दिसू नये यावर सुनावणी सक्तीची आहे. पडदा घ्यावाच का, त्यावर काय शिकवायचं, यावर या कायद्यात तशी सक्ती नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. उघड सभेत बोलायला येतो तो सामान्य पालक नसतो, ज्याला मोकळा वेळ आहे किंवा ज्याच्या पाठीशी संघटना आहे तो येतो. मग वाचन म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याची सरशी. मतदानाचंही तेच. लॉस एंजेलिसच्या मंडळाच्या निवडणुका पूर्वी विषम वर्षांच्या वसंतात स्वतंत्रपणे व्हायच्या आणि मतदान अगदी तुटपुंजं असायचं; २०१५ मध्ये मतदारांनी शहराची सनद बदलली आणि २०२० पासून त्या सम वर्षांतल्या मोठ्या निवडणुकांबरोबर घेतल्या जाऊ लागल्या. हा उपाय बरा आहे, पुरेसा नाही. संघटित आवाजांचा प्रश्न भारतीयांच्या अगदी जवळचा आहे. कॅलिफोर्नियात २००५-०६ मध्ये सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकांतल्या प्राचीन भारताच्या प्रकरणांवरून मोठा वाद झाला. हा विषय राज्य मंडळाकडचा, कारण आठवीपर्यंतच्या पुस्तकांची यादी राज्य मंजूर करतं. काही हिंदू संघटनांनी बदल सुचवले, भारतविद्येच्या प्राध्यापकांनी त्यांतल्या अनेकांना विरोध केला, दोन्ही बाजूंनी पत्रं आणि साक्षी झाल्या. एक संघटना न्यायालयात गेली. न्यायालयाने पुस्तकं रद्द केली नाहीत, पण राज्याने पुस्तकं मंजूर करण्याची जी पद्धत वापरली तिचे नियम रीतसर केलेले नव्हते, असं सांगितलं. दहा वर्षांनी इतिहासाच्या अभ्यासक्रमाची चौकट बदलताना तोच वाद पुन्हा उभा राहिला आणि जुलै २०१६ मध्ये अनेक तासांच्या जाहीर साक्षींनंतर राज्य मंडळाने नवी चौकट मंजूर केली. वाद मिटला असं कोणी म्हणणार नाही. परंतु कोणी काय मागितलं, कोणत्या आधारावर आणि काय नाकारलं गेलं, हे आज कोणालाही काढून वाचता येतं. मोठ्या आवाजाला उघड्या सभेत निदान आपलं नाव सांगावं लागतं. बंद खोलीतही दबाव येतोच. तो कोणाचा होता, हे मात्र नंतर कळत नाही.

महाराष्ट्रातली रचना वेगळी आहे, तरी फट ओळखीची आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या २१व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समित्या आल्या. त्यांत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला. कागदावर ही समिती अमेरिकी मंडळाहूनही अधिक पालकांची आहे, पण तिचा अधिकार शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचा आणि अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवण्याचा. अभ्यासक्रम राज्य पातळीवर ठरतो आणि पुस्तकं बालभारतीकडून येतात. मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना टॅब दिले. तिथे शिक्षणाचे विषय शिक्षण समितीकडे आणि खरेदीचे प्रस्ताव स्थायी समितीकडे जातात. तीच दोन दारं. अभ्यासक्रमाच्या बाबतीत २०२५ सालची घटना ताजी आहे. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकवण्याचा शासन निर्णय १६ एप्रिलला निघाला, १७ जूनला सुधारित निर्णय आला, आणि तीव्र विरोधानंतर २९ जूनला दोन्ही मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. निर्णयाची बाजू कोणतीही घ्या, क्रम पाहा: आधी निर्णय, मग विरोध, मग समिती. दोन वाचनांची रीत हाच क्रम उलट लावते, आणि सहा-सात वर्षांच्या मुलांच्या दप्तराचा प्रश्न असताना तो उलट लागलेलाच बरा.

लॉस एंजेलिसच्या मंडळाकडे पुन्हा वळू या, कारण वाचनाची रीत यंत्रालाही लावता येते, हे त्याच मंडळाने दाखवलं आहे. आयपॅडच्या मतदानानंतर बरोबर अकरा वर्षांनी, १८ जून २०२४ रोजी, शाळेच्या संपूर्ण वेळेत फोनवर बंदी घालण्याचा ठराव पाच विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. पण त्या दिवशी धोरण मंजूर झालं नव्हतं. प्रशासनाने १२० दिवसांत मसुदा घेऊन परत यावं, एवढंच ठरलं होतं. त्या अवधीत नेमके अवघड प्रश्न पुढे आले. शाळेत गोळीबारासारखं संकट आलं तर मूल घरी कसं कळवणार, ही अमेरिकेतल्या पालकांची भीती काल्पनिक नाही. इंग्रजी न येणाऱ्या मुलाला भाषांतरासाठी फोन लागला तर? मधुमेही मुलाची साखर फोनवरच दिसत असेल तर? धोरणात यासाठी अपवाद आले, फोन पाकिटात ठेवायचे की कपाटात हे शाळाशाळांवर सोडलं गेलं, आणि अंमलबजावणी फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झाली. त्याआधीच, सप्टेंबर २०२४ मध्ये, कॅलिफोर्नियाने राज्यभरासाठी कायदा केला: १ जुलै २०२६ पर्यंत प्रत्येक डिस्ट्रिक्टने स्मार्टफोनच्या वापरावर मर्यादा किंवा बंदी घालणारं धोरण करावं, ते करताना विद्यार्थी, पालक आणि शिक्षकांचा लक्षणीय सहभाग असावा, आणि दर पाच वर्षांनी त्याचा फेरविचार व्हावा. मुलाच्या खिशातून आलेल्या यंत्राला हा न्याय मिळाला. शाळेने स्वतःच्या तिजोरीतून विकत घेऊन त्याच मुलाच्या बाकावर ठेवलेल्या यंत्राला पाच वर्षांनी पुन्हा वाचायला लावणारं कलम त्या कायद्यात नाही.